लग्नातला सगळ्यांचा फोटो

लग्न म्हटले की घरात शंभर कामे निघतात. किराणा भरायचा, पत्रिका वाटायच्या, मांडव घालायचा, भटजींना सांगायचे, आहेराचे बघायचे. फोटोला मात्र कोणी काम म्हणून धरत नाही. "फोटोवाला सांगितलाय, तो काढील," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तुमची आत्या कोणती आणि थोरला मामा कोणता, हे त्याला काय ठाऊक? समोर दिसेल त्याचा तो फोटो काढतो.

पूर्वी एका रोलमध्ये १२ किंवा ३६ फोटो निघत. म्हणून लोक मोजूनमापून फोटो काढीत, हाका मारून सगळ्यांना गोळा करीत. आता मोबाईल आला. एका लग्नात शेकड्यांनी फोटो निघतात. पण सगळे घर एकत्र बसले आहे असा एक फोटो शोधायला जावे, तर तो सापडत नाही.

आमच्या माहितीच्या एका घरी असेच झाले. नातवाचे लग्न थाटात झाले. चार महिन्यांनी आजी गेली. भिंतीवर तिचा फोटो लावायचा म्हणून लग्नाचे फोटो चाळले. आजी एकाच फोटोत होती, तीही पाठमोरी. कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसलेली. घरातले कोणी वाईट नव्हते. गर्दीत राहून गेले, एवढेच.

असे राहून जाऊ नये यासाठी एक साधा उपाय आहे. आधी यादी करा.

यादी कशी करावी

लग्नाच्या आठ दिवस आधी घरातल्या मंडळींनी एकत्र बसावे. एका कागदावर कोणाकोणाचे फोटो हवेत ते लिहावे. "पाहुणे" असे मोघम लिहू नका. नावे लिहा. नमुना असा:

१. दोन्ही घरची सगळी माणसे, नवरा-नवरीसह.
२. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा.
३. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आईवडील.
४. नवरीकडचे मामा, मावशी, काका, आत्या.
५. नवऱ्याकडचे मामा, मावशी, काका, आत्या.
६. भावंडे.
७. मित्र आणि मैत्रिणी.

मोठा घोळका आधी घ्या, लहान नंतर. एकदा सगळे जमले की लहान घोळक्यांची माणसे तिथेच असतात, पुन्हा हाका मारायला नकोत. मोठ्या फोटोनंतर लगेच म्हाताऱ्या माणसांचा फोटो घ्यावा आणि त्यांना मोकळे करावे. त्यांना ताटकळत ठेवू नये.

वेळ कोणती धरावी

फोटो काढायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो माणसे जमायला. एका घोळक्याला पाच मिनिटे धरा. वरच्या यादीत सात घोळके आहेत. म्हणजे पस्तीस मिनिटे झाली. त्यात दहा मिनिटे जास्तीची ठेवा. पाऊण तास झाला.

आता हा पाऊण तास कुठे बसवायचा? समजा, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे. अक्षता पडल्या की पंगती बसतात. लांबच्या पाहुण्यांना एस.टी. गाठायची असते. ते जेवून निघतात. पुष्कळ घरी कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईवडील उपाशी असतात. विधी संपल्यावर त्यांना तासभर उभे करणे बरे नव्हे. म्हणून कामाचे दोन भाग पाडा. मुहूर्ताआधी, सकाळी दहाच्या सुमारास, ४ आणि ५ नंबरचे फोटो आपापल्या बाजूला उरकून घ्या. मित्रमंडळींचेही तसेच करा. ज्यांना लवकर निघायचे आहे, त्यांना यातच घ्या. बाकीचे चार फोटो सप्तपदी झाल्यावर काढा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. विधी किती वेळ चालतील ते भटजींना आधी विचारा, आणि फोटोवाल्यालाही सांगून ठेवा.

हाका मारायला दोन माणसे नेमा. मुलीकडचा एक आणि मुलाकडचा एक. दोघांना आपापली माणसे तोंडओळखीने ठाऊक हवीत, आणि आवाज खणखणीत हवा. मुलीच्या बापाला हे काम देऊ नका. त्याला दहा ठिकाणी बोलावणे असते. यादीची एकेक प्रत दोघांच्या खिशात द्या. फोटो झाला की नावापुढे खूण करायची.

जागा आणि उजेड

भर दुपारचे ऊन डोक्यावरून येते. त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. सूर्य समोर असला तर माणसे डोळे मिचकावतात. पाठीमागे असला तर तोंडे काळी पडतात. लाल-पिवळ्या मांडवाखाली चेहऱ्यांवर कापडाचा रंग चढतो. म्हणून झाडाची दाट सावली, देवळाची ओवरी किंवा शाळेचा व्हरांडा निवडावा. तोंडे उजेडाच्या बाजूला करावीत. म्हाताऱ्यांना खुर्च्या द्या, मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. उंच माणसे मागे उभी करा.

एक फोटो काढून थांबू नका. घोळक्यात कोणीतरी डोळे मिटतोच. ऑस्ट्रेलियात निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी याचे गणित मांडले. त्यासाठी त्यांना २००६ साली गमतीदार संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा ठोकताळा सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसे असतील, तर माणसांच्या संख्येला तीनने भागा. पंधरा माणसे असतील तर पाच फोटो काढा. उजेड कमी असला तर दोनने भागा, म्हणजे सात-आठ काढा.

कोणाला विसरू नये

"सुवासिनींनो, या," अशी हाक आली की घरातली विधवा काकू आपणहून मागे सरते. मग फोटोतही ती मागेच राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे राज्य सरकारनेही इतर गावांनी तसेच करावे असे कळवले. ठराव गावाने करायचा, पण काकूला हाताला धरून पुढे आणायचे काम घरच्यांचेच. तिचे नाव यादीत असले, तर तिला नावाने हाक जाते. मग तिला मागे सरायला जागा राहत नाही.

चुलीपुढे राबणारी वहिनी, पंगतीत वाढणारा चुलतभाऊ, अंथरुणाला खिळलेले आजोबा, यांचीही नावे लिहा. आजोबांना उठवत नसेल, तर नवरा-नवरीने त्यांच्या खाटेजवळ जावे. मोबाईलने फोटो काढणारा घरचाच असेल, तर तो स्वतः कोणत्याच फोटोत येत नाही. त्याच्या हातातला मोबाईल घटकाभर दुसऱ्याने घ्यावा.

फोटोमागे नावे

मोबाईल हरवतो, फुटतो. म्हणून निवडक चार-पाच फोटो कागदावर छापून घ्या. लग्नाची सरकारी नोंदणी करतानाही लग्नातला फोटो आणि पत्रिका सहसा मागतात. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते.

छापलेल्या फोटोबरोबर नावे लिहून ठेवा. मागची रांग, मधली रांग, पुढची रांग. प्रत्येक रांगेत डावीकडून उजवीकडे. खाली तारीख आणि गाव. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नका. पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ शिसपेन्सिलीने लिहा. पेन्सिल उमटत नसेल, तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोच्या मागे ठेवा.

आज ही माणसे आपल्याला ओळखीची आहेत. पन्नास वर्षांनी पणतू विचारील, "ही बाई कोण?" तेव्हा सांगायला आपण नसू. आपल्या हातचे अक्षर असेल.

करून पाहा

१. तुमच्या घरी पुढचे लग्न असेल त्याची फोटोची यादी लिहा.
२. घरातला एक जुना फोटो काढा. वडीलधाऱ्यांना विचारून त्यातील सर्वांची नावे लिहून ठेवा. हे काम आजच करा.