रोजच्या ताटांतील प्रथिनें

मधल्या सुटींत मुलांचे डबे उघडले म्हणजे चिखलीच्या आजच्या संसाराचें चित्र त्यांत पाहावयास सांपडतें. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें; तत्पूर्वीं तें इंद्रायणीकांठचें शेतीवर जगणारें खेडें होतें. आतां येथील पुष्कळ आईबाप तळवडें, भोसरी वा चाकण येथील कारखान्यांत पाळीनें कामास जातात. पहांटेच्या पाळीच्या घाईंत डब्यांत पोळी आणि बटाट्याची भाजी पडते. कित्येकदां मूल नुसता चहा व बिस्किटें घेऊनच शाळेंत येतें. पोट भरतें खरें, परंतु वाढत्या अंगास जें पाहिजे तें मिळतें काय, असें पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्यास जोडूनच दुसरा प्रश्न येतो : दुकानांतून प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणावा काय ?

आधीं प्रथिन म्हणजे काय तें पाहूं. आपले स्नायु, रक्त, कातडी, केस, पाचक रस, हीं सारीं मुख्यत्वें प्रथिनांच्या बळावर उभीं आहेत. १८३८ सालीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं या द्रव्यास ‘प्रोटीन’ हें नांव दिलें. त्याच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिला’ असा आहे. पिष्ट व स्निग्ध पदार्थांत नसणारा नत्र यांत असतो; म्हणून साखर-तूप कितीही खाल्लें तरी प्रथिनांची उणीव भरून निघत नाहीं. प्रथिनें हीं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या सांखळ्यांनीं बनतात. त्यांपैकीं नऊ आम्लें शरीरास स्वतः तयार करतां येत नाहींत, तीं अन्नांतूनच यावीं लागतात. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळीं एखाद्या अक्षराचे खिळे संपले कीं बाकीचीं घरें भरलेलीं असूनही मजकूर तेथेंच अडे. शरीराचेंही तसेंच होतें. गहूं, बाजरी, तांदूळ यांत लायसिन नांवाचें आम्ल कमी असतें. डाळींत तें भरपूर, परंतु मेथिओनिन कमी. भाकरीस आमटी आणि भातास वरण भेटलें म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. दोन्ही एकाच घांसांत असावीं असें मुळींच नाहीं. दिवसभरांत दोन्ही पोटांत गेलीं कीं पुरे. अंडीं, दूध, मासे व मांस यांत मात्र तीं नऊही आम्लें चांगल्या प्रमाणांत असतात.

या विषयांत एका मराठी शास्त्रज्ञाचें नांव घेतल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षें ते रोम येथील अन्न व शेती संघटनेंत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. पुढें पुण्यास येऊन त्यांनीं आपलें संशोधन चालू ठेविलें. १९६८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या एका सल्लागार समितीनें जगावर प्रथिनांचें मोठें संकट येऊं घातल्याचा इशारा दिला. सुखात्म्यांनीं आंकडे तपासून निराळेंच सांगितलें. धान्य व डाळ यांचें रूढ जेवण जो पोटभर जेवतो, त्यास बहुधा प्रथिनेंही पुरेशीं मिळतात. ज्यांस तीं कमी पडतात, त्यांस मुळांत अन्नच कमी पडत असतें, आणि मग शरीर प्रथिनांनाच सरपणासारखें जाळूं लागतें. त्यांच्या कांहीं मतांवर पुढें पुष्कळ वाद झाला. पण हा मूळ मुद्दा टिकला. आम्हांस मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. सुखात्म्यांचें गणित भाकरी-डाळीच्या ताटाचें होतें. बिस्किटें, वेफर्स आणि वडापाव यांचें नव्हे. शंभर ग्रॅम बटाट्यांत दोन ग्रॅमही प्रथिन नसतें.

आतां गरज किती तें पाहूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणांनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास रोज ४५ ग्रॅम व मुलीस ४३ ग्रॅम प्रथिन हवें. प्रौढांस वजनाच्या दर किलोमागें सुमारें ०.८३ ग्रॅम पुरतें. समजा, आमच्या आठवीच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या पोटांत दिवसभरांत अडीचशें ग्रॅम गहूं-बाजरी गेली. त्यांतून पंचवीस ग्रॅमच्या आसपास मिळतील. नुसत्या पोळी-बटाट्यावर ती येथेंच थांबते. साठ ग्रॅम डाळ व कडधान्य वाढवा, तेरा ग्रॅम आले. पाव लिटर दुधानें आठ, मूठभर शेंगदाण्यांनीं पांच. बेरीज पन्नासांवर गेली, आणि यांत महाग असें दुधावांचून कांहींच नाहीं. पण साठ ग्रॅम डाळ म्हणजे चार माणसांच्या आमटींत मूठभर तूर टाकून ती पाण्यानें वाढविणें नव्हे ! पातळ आमटीची चव कितीही झणझणीत असो, पाण्यांत प्रथिन नाहीं. त्या मानानें पिठलें फार प्रामाणिक. तीस ग्रॅम बेसनांतून सहा-सात ग्रॅम मिळतात.

हुलगे, मटकी, चवळी, मूग हीं सारीं शेंकडा वीस ते चोवीस भाग प्रथिनाचीं. हुलग्यांचे शेंगोळे वा माडगें आमच्या मुलांस जुनाट वाटतें. तूरडाळीशीं तुलना करतां तें कोठेंही कमी नाहीं. मोड आणल्यानें प्रथिन वाढतें, हा समज खरा नव्हे. मोडांमुळें कडधान्य पचावयास हलकें होतें व त्यांत क जीवनसत्त्व येतें, हाच लाभ. सोयाबीनच्या सुक्या वड्यांत निम्मा भाग प्रथिनच असतो. देहू-आळंदी जवळ असल्यानें येथें माळकरी घरें पुष्कळ. त्यांस डाळ, दूध, दहीं व सोयाबीन एवढ्यावर सहज भागवितां येतें. ज्यांस सामिष चालतें, त्यांस एका अंड्यांतून सहा ग्रॅम मिळतात, आणि सुकट-बोंबील तर भाकरीबरोबर थोडे खाल्ले तरी बरेंच काम करतात. तालमींत कच्चीं अंडीं पिण्याची चाल अजून आढळते. ती सोडावी, शिजविलेल्या अंड्यांतील प्रथिन अधिक पचतें, आणि कच्च्यांतून रोगजंतु पोटांत जाण्याचें भय राहतें.

भुकटीच्या डब्याविषयीं राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ च्या आहार-मार्गदर्शनांत स्पष्टच लिहिलें आहे कीं, अंग भरण्यासाठीं असल्या भुकट्या घेऊं नयेत. त्यांत पुष्कळदां साखर व कृत्रिम गोडी घातलेली असते. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं तर डाळी-अंड्यांचें प्रमाणही वैद्यास विचारूनच ठरवावें.

राहतां राहिली घरची आई. पाळीवरून येऊन ती सर्वांस वाढते व शेवटीं उरेल त्यावर भागविते. तिला स्वतःला रोज सुमारें ४६ ग्रॅम प्रथिन हवें. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२, आणि मूल अंगावर पीत असतां पहिले सहा महिने सुमारें १७ ग्रॅम. म्हणून डाळ पातेल्यांतून वाढावयास घेण्यापूर्वींच तिची वाटी भरून बाजूस झांकून ठेवावी. हें काम घरांतील मुलानें करावें.