गाळ्यातल्या विजेचा हिशेब

पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे शेतमालाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागतात, तेव्हा गाळ्यांतले दिवे, पंखे आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे सुरू झालेले असतात. वजन आणि भाव यांचा गुणाकार इथे तोंडीच होतो. विजेचा हिशेबही तेवढाच सोपा आहे, पण तो क्वचितच कुणी मांडतं.

त्याला दोन आकडे पुरतात. पहिला व्होल्टेजचा, म्हणजे विजेच्या दाबाचा. सिंगल फेज जोडणीत तो 230 व्होल्टच्या आसपास असतो. दुसरा करंटचा, म्हणजे तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा. तो अँपिअरमध्ये मोजतात. वायरमन क्लॅम्प मीटरचा चिमटा फक्त फेजच्या तारेभोवती धरतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात आल्या, तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो.

समजा, गाळ्यात चहासाठी विजेची किटली लावली आणि मीटरवर 6.5 अँपिअर दिसले. 230 ला 6.5 ने गुणलं की 1495 वॅट, ही किटलीची शक्ती. तासभर चालली तर साधारण दीड युनिट वीज. त्याच 230 ला 6.5 ने भागलं की सुमारे 35.4 ओहम, हा तिच्या कॉइलचा रोध.

हा भागाकार जर्मनीतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी 1827 साली मांडला. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्यांना कोप्ली पदक दिलं.

उन्हाळ्यात व्होल्टेज 200 वर उतरलं, तर रोध जवळपास तेवढाच राहतो आणि करंट 5.65 अँपिअरवर येतो. शक्ती उरते 1130 वॅट. व्होल्टेज 13 टक्के घटलं, पण उष्णता 24 टक्क्यांनी घटली. त्यामुळे पाणी उकळायला सुमारे एक तृतीयांश वेळ जास्त लागतो.

खरा धोका मात्र किटलीत नसून जोडणीत असतो. एक्स्टेन्शन बोर्डातल्या ढिल्या जॉइंटचा रोध अवघा अर्धा ओहम धरू. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी दाखवून दिलं. 6.5 चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे 21 वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच शक्तीवर कथील वितळवतं. त्याच बोर्डावर आणखी एक किटली लावली की करंट दुप्पट होतो आणि जॉइंटमधली उष्णता चौपट, 84 वॅटच्या वर. शेजारी बारदान, पुठ्ठ्याची खोकी, आंब्याच्या पेट्यांतला पेंढा असेल तर आग लागायला एवढं पुरेसं आहे.

पंखा किंवा पंपाच्या मोटरला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं. 5 अँपिअर घेणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर शक्ती 920 वॅट.

साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा 1380 वॅट आहे. म्हणून 1500 वॅटची किटली 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी. उपकरणावर छापलेल्या वॅटला 230 ने भागून करंट आधी काढावा, आणि पिन किंवा बोर्ड तापत असेल तर स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावं.