सही : जॉर्ज एलियट

४ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनजवळच्या रिचमंडहून एडिंबरोच्या विल्यम ब्लॅकवुड या प्रकाशकांना एक पत्र गेलं. त्याखाली 'जॉर्ज एलियट' अशी सही होती. या नावाचा माणूस तोवर जगात नव्हता.

ब्लॅकवुडांच्या मासिकात जानेवारीपासून एमॉस बार्टन नावाच्या पाद्र्याची कथा छापून येत होती. हस्तलिखित पाठवलं होतं समीक्षक जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी, आपल्या एका मित्राचं म्हणून. मित्र कोण, हे मासिक चालवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. संपादक जॉन ब्लॅकवुड यांनी तर पत्राच्या मायन्यात कथानायकालाच धरलं आणि 'प्रिय एमॉस' असं लिहून वेळ निभावली.

अशात लेखकानेच नाव कळवलं. कथांचं काहीही होवो, आपण अज्ञातच राहणार, असं त्याने ठासून लिहिलं; टोपणनावाने कीर्तीचे फायदे मिळतात, तिचा जाच मात्र चुकतो. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगायला हे नाव असू द्या, देवमाशापुढे फेकायच्या पिंपासारखं. देवमासा जहाजावर चालून आला की खलाशी त्याच्या पुढ्यात रिकामं पिंप टाकत. तो त्याच्याशी झोंबत बसे आणि जहाज निसटे.

हा 'लेखक' म्हणजे मेरियन इव्हान्स. सदतीस वर्षांची, लंडनच्या वैचारिक वर्तुळात नावाजलेली संपादिका आणि अनुवादक. त्या काळी बाईचं लेखन कोण छापणार, म्हणून तिने पुरुषी नाव घेतलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे अर्धंच पटतं. त्याच १८५७ साली एलिझाबेथ गॅस्केल यांनी शार्लट ब्राँटीचं चरित्र उघडपणे स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केलं होतं. बायकांच्या पोकळ कादंबऱ्यांची खिल्ली मेरियननेच काही महिन्यांपूर्वी एका निनावी लेखात उडवली होती. त्या पंक्तीत आपलं पान मांडलं जाऊ नये, हे तिच्या मनात असणारच.

पण खरी अडचण घरातली होती. १८५४ पासून ती ल्यूइस यांच्यासोबत राहत होती आणि ल्यूइस विवाहित होते. पत्नीला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. कायद्याच्या लेखी हा प्रकार त्यांनी चालवून घेतल्यासारखा झाला आणि घटस्फोटाची वाट बंद झाली. अशा घरातल्या बाईने पाद्र्यांच्या कथा लिहिल्या, हे कळतं तर इंग्लंडमधल्या किती बैठकीच्या खोल्यांत ते मासिक शिरलं असतं? त्याच वर्षी तिने एका मैत्रिणीला बजावलं की यापुढे मला मिस इव्हान्स म्हणायचं नाही, मिसेस ल्यूइस म्हणायचं. म्हणजे एक नाव जगापासून लपण्यासाठी, आणि दुसरं, जे कायदा देत नव्हता ते, हट्टाने मिरवण्यासाठी.

चार्ल्स डिकन्स मात्र फसले नाहीत. जानेवारी १८५८ मध्ये या कथांचं पुस्तक हाती येताच त्यांनी 'जॉर्ज एलियट'ना कौतुकाचं पत्र लिहिलं आणि लेखणी बाईची दिसते, हेही कळवलं. पुढच्याच महिन्यात जॉन ब्लॅकवुड रिचमंडला आले, तेव्हा गुपित त्यांच्यापुढे उघड झालं.

बाहेर ते फुटलं वेगळ्याच कारणाने. 'अॅडम बीड' ही कादंबरी १८५९ मध्ये गाजली आणि मेरियनच्या माहेरच्या वॉरिकशायरमधल्या जोसेफ लिगिन्स नावाच्या गृहस्थाला लोक खरा लेखक मानू लागले. त्यानेही ते खोडून काढलं नाही. प्रकाशकाने बिचाऱ्याला एक पैसा दिला नाही, अशी हाकाटी झाली, मदतीचीही जमवाजमव सुरू झाली. पिंपावर भलताच मासा स्वार झाला! अखेर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात खरं नाव सांगणं भाग पडलं. लागलीच एका साप्ताहिकाने तिच्या नीतिमत्तेवर शिंतोडे उडवले.

तरी १८६० मध्ये आलेल्या 'द मिल ऑन द फ्लॉस'वर नाव जॉर्ज एलियट हेच होतं. या कादंबरीतल्या बहीण-भावाच्या दुराव्यामागे तिचा स्वतःचा अनुभव होता. ल्यूइस यांच्याबद्दल तिने १८५७ मध्ये कळवलं, तेव्हा भाऊ आयझॅकने वकिलाकरवी उत्तर देऊन संबंध तोडले होते. ल्यूइस यांच्या निधनानंतर मे १८८० मध्ये तिने जॉन क्रॉस यांच्याशी रीतसर लग्न केलं, तेव्हा कुठे आयझॅकचं अभिनंदनाचं पत्र आलं.