गाऱ्हाण्याचा मोबदला

पीडितांची वकिली करणारा मनुष्य पीडितांच्या दुःखावरच आपला चरितार्थ चालवितो, आणि म्हणून ते दुःख नाहीसे व्हावे असे त्याला मनापासून कधी वाटतच नाही, हा आक्षेप अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी चळवळींच्या पुढाऱ्यांवर आज इतका सर्रास घेतला जातो की, तो गोऱ्यांच्या रोषातूनच निपजला असावा अशी सामान्य वाचकाची समजूत व्हावी. वस्तुस्थिती निराळी आहे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माय लार्जर एज्युकेशन’ या ग्रंथात हा आक्षेप अत्यंत रोखठोकपणे नोंदवून ठेवणारे बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः कृष्णवर्णीय होते. इतकेच नव्हे, तर जन्माने गुलाम होते. आपल्या लोकांची गाऱ्हाणी जगापुढे सतत मांडीत राहणे हाच ज्यांचा धंदा होऊन बसला आहे अशा मंडळींना, रोगी बरा होऊ नये असे वाटणाऱ्या वैद्याच्या पंक्तीला त्यांनी बसविले, आणि त्यांचा हा उतारा आजही राजकीय वादांत पुराव्यादाखल पुढे केला जातो. तो पुढे करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याची पूर्वपीठिका पाहिलेली असते, असे मला वाटते.

ती पूर्वपीठिका बोस्टनमधली आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १८८१ पासून वॉशिंग्टन एक औद्योगिक विद्यालय चालवीत होते, आणि कृष्णवर्णीयांनी राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूस ठेवून हुन्नर, शेती व बचत यांच्या मार्गाने वर यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जुलै १९०३ मध्ये बोस्टनच्या एका चर्चमध्ये त्यांचे व्याख्यान असता श्रोत्यांत बसलेल्या विल्यम मन्रो ट्रॉटर या तरुण संपादकाने अडचणीचे प्रश्न विचारून सभा उधळली. मिरपूड उडाली, पोलीस आले, आणि ट्रॉटरला तीस दिवसांची कैद झाली. वॉशिंग्टनांचा रोख मुख्यतः या बोस्टनकर सुशिक्षितांवर होता. आता यांच्यापैकी ट्रॉटरने गाऱ्हाण्यावर किती कमावले, ते पाहावे. हा हार्वर्डचा नामांकित पदवीधर. वडिलांकडून आलेली मिळकत आणि जमीनजुमल्याच्या दलालीत चांगला जम, अशा सुस्थितीत असलेल्या या मनुष्याने १९०१ साली ‘गार्डियन’ नावाचे साप्ताहिक काढले, त्याच्या पायी मिळकत गहाण टाकली, घर गमावले, आणि १९३४ साली तो निष्कांचन अवस्थेत वारला. ज्याला धंदा म्हणून हिणविले गेले, तो त्याच्या बाबतीत निखळ बुडिताचा व्यवहार होता.

उलटपक्षी, आक्षेपकाचाही जमाखर्च तपासणे न्यायाचे होईल. ज्या वर्षी बोस्टनची सभा उधळली गेली, त्याच वर्षी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी टस्कीगीला ६,००,००० डॉलरचे रोखे दिले, आणि त्यांपैकी १,५०,००० डॉलरांचे उत्पन्न वॉशिंग्टन व त्यांची पत्नी यांच्या तहहयात योगक्षेमासाठी राखून ठेवावे, अशी अट घातली. त्यात गैर काही नव्हते. परंतु गोऱ्या धनिकांना सुखावणारा सौम्य पुढारी आणि त्यांना बोचणारा कडवा पुढारी यांच्यापैकी देणग्यांची गंगा कोणाच्या दाराशी वाहते, हे त्यावरून कळते. याच वॉशिंग्टनांनी आपल्या बाजूने लिहिणाऱ्या वृत्तपत्रांना गुप्तपणे पैसा पुरविला, प्रतिपक्षाच्या बैठकांत हेर पेरले. आणि याहून विलक्षण गोष्ट अशी की, अलाबामात कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणाऱ्या तरतुदींविरुद्धचे दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यासाठी त्यांनीच पडद्याआडून खर्च सोसला. शिवाय १९०८ पासून त्यांच्याच विद्यालयात मन्रो वर्क हे संशोधक दप्तर उघडून बसले, आणि जमावाने केलेल्या हत्यांची नोंद वर्षानुवर्षे तेथे होत राहिली. १८८२ ते १९६८ या काळातील ४,७४३ बळींचा जो आकडा आज सर्वत्र दिला जातो, तो टस्कीगीच्याच दप्तरातला आहे. जाहीरपणे ज्या उद्योगाची त्यांनी निर्भर्त्सना केली, तोच ते खाजगीत, आणि तो चोख रीतीने, करीत होते!

तर मग हा आक्षेप केवळ सत्तास्पर्धेतले एक शस्त्र मानून सोडून द्यावा काय? तसे म्हणता येत नाही, आणि याचे कारण मार्कस गार्व्ही यांचे प्रकरण. जमेकात जन्मलेले हे वक्तृत्वसंपन्न गृहस्थ वॉशिंग्टनांचे चाहते होते. त्यांना भेटण्याची त्यांची इच्छा होती, परंतु मार्च १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा वॉशिंग्टनांना जाऊन काही महिने लोटले होते. हार्लेममध्ये त्यांनी जी चळवळ उभारली तिने लक्षावधी कृष्णवर्णीयांना स्वत्वाची जाणीव करून दिली, हे त्यांच्या शत्रूंनीही नाकारलेले नाही. १९१९ साली त्यांनी ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही आगबोट कंपनी स्थापिली. भाग पाच डॉलरांचा, आणि तो फक्त कृष्णवर्णीयांनाच घेता येई. मोलकरणी, हमाल, रेल्वेच्या डब्यांतले नोकर यांनी आपल्या तुटपुंज्या बचतीतून भाग खरेदी केले, कारण गोऱ्यांच्या आगबोटींवर सोसलेला अपमान ज्याच्या त्याच्या अनुभवाचा होता.

पुढची हकीकत वाचताना मन विषण्ण होते. कंपनीने पहिली आगबोट घेतली ती ‘यार्मथ’, १८८७ साली बांधलेली, जीर्ण. तिच्यासाठी १,६५,००० डॉलर कबूल केले, जे तिच्या वास्तविक किमतीच्या कित्येक पट होते. ती नारळांचा माल भरून निघाली असता, प्रचारासाठी तिला ठिकठिकाणच्या बंदरांत मिरविण्याचा हुकूम सुटला, आणि नारळ वाटेतच कुजून गेले. आणखी एक नौका ‘कनावा’ ही स्टँडर्ड ऑइलचे धनाढ्य हेन्री रॉजर्स यांची जुनी विलासनौका. (हेच रॉजर्स वॉशिंग्टनांचे गुप्त आश्रयदाते, या नौकेवर वॉशिंग्टन पाहुणे म्हणून हिंडलेले होते. दैवगती पाहावी!) तिचे बॉयलर वारंवार बिघडत. १९२२ मध्ये कंपनीचे कामकाज थांबले तेव्हा भागधारकांच्या हाती कागदाखेरीज काही उरले नव्हते.

गार्व्हींवर टपालमार्गे फसवणूक केल्याचा खटला झाला: जी आगबोट कंपनीच्या मालकीची नव्हती तिचे चित्र छापून भाग विकले, हा आरोप. सरकारी तपास खात्यातील तरुण अधिकारी एडगर हूव्हर हे गार्व्हींना हद्दपार करण्याचे निमित्त १९१९ पासूनच शोधीत होते. तथापि जानेवारी १९२३ मध्ये खटला जलद चालवावा अशी मागणी करणारे पत्र सरकारला लिहिणारे आठही इसम कृष्णवर्णीय पुढारी होते. एकाच कलमाखाली, एका रिकाम्या लिफाफ्याच्या पुराव्यावर दोष सिद्ध झाला; पाच वर्षांची शिक्षा झाली, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ मध्ये ती कमी केली, आणि गार्व्हींची जमेकाला रवानगी झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर क्षमा मिळाली. गार्व्हींनी पैसा स्वतःच्या घशात घातला असे बहुतेक इतिहासकार मानीत नाहीत, आणि मलाही ते पटत नाही; त्यांचा दोष याहून सूक्ष्म होता. अपमानाच्या आगीत तापलेल्या माणसाला हिशेब विचारण्याचा संकोच वाटतो, आणि विचारलाच तर तो शत्रूचा हस्तक ठरतो. गार्व्हींनी नेमके हेच केले: टीकाकारांना त्यांनी वंशद्रोही ठरविले, आणि त्या गदारोळात ताळेबंदाकडे पाहण्यास कोणास उसंत राहिली नाही.

चळवळीवर पोट भरणे हे मुळातच पाप, असे मानणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. अमेरिकेतील गुलामांची मुक्ती करणाऱ्या तेथील लोकांना १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करणारे जोतीराव फुले बांधकामाच्या कंत्राटांवर आपला निर्वाह करीत असत, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. परंतु ही सोय सर्वांना कोठून लाभावी? वॉशिंग्टनांचे आणखी एक मोठे टीकाकार ड्यू बॉइस हे प्राध्यापकी सोडून १९१० साली ‘क्रायसिस’ मासिकाचे संपादक झाले, ते पगारी संपादक म्हणूनच; पण तो पगार जिच्या खजिन्यातून येई त्या संस्थेला कार्यकारी मंडळ होते, आणि तिचे हिशेब त्या मंडळापुढे येत.

ही दक्षता किती नाजूक असते हे २०२० मध्ये पुन्हा दिसले. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या मध्यवर्ती प्रतिष्ठानाकडे त्या एका वर्षात सुमारे ९ कोटी डॉलर जमा झाले, आणि त्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियात सुमारे ६० लक्ष डॉलरांचे एक प्रशस्त घर खरेदी करण्यात आले. कृष्णवर्णीय कलावंतांच्या कामासाठी ते घेतले, असा खुलासा प्रतिष्ठानाने नंतर केला. विरोधकांनी अर्थातच त्यावरून साऱ्या चळवळीलाच ढोंग ठरविले. त्या घराचा बोभाटा होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, दहा स्थानिक शाखांनी एक जाहीर निवेदन काढून वर्गणीचा हिशेब मागितला होता. हिशेब मागणारे हे लोक आपापल्या शहरांत मोर्चे काढीत होते, पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्यांच्या कुटुंबांपाशी बसत होते, आणि मध्यवर्ती खजिन्यातून आपल्या हाती फारसे काही आले नाही अशी त्यांची तक्रार होती. गाऱ्हाणे खोटे आहे, असे त्यांच्यापैकी कोणीही म्हटले नाही.