ऊन होऊन परतलेला पाऊस

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण मागे टाकून संगमेश्वरकडे निघालात की आधी आरवली लागते, मग तुरळ. तुरळला महामार्गापासून हाकेच्या अंतरावर जमिनीतून ऊन पाणी वर येते. ऊन म्हणजे कोमट नव्हे. या पाण्याचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपण घरी अंघोळीला घेतो ते पाणी चाळीसच्या आतबाहेर असते. साठ अंशांच्या पाण्यात पाय पाच सेकंद राहिला तरी कातडी चांगलीच भाजू शकते. विसण घातल्याशिवाय ते अंगावर घेता येत नाही. आणि हे पाणी असे रात्रंदिवस, पावसाळ्यात आणि वैशाखातही येतच असते. ना जळण, ना वीज.

तुरळ एकटे नाही. शेजारी राजवाडीला असेच झरे आहेत. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या घरात जाते. आरवलीचे सौम्य, चाळीसच्या आसपास. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातले बेचाळीसच्या आसपास, म्हणजे थेट अंगावर घेता येईल असे. उत्तरेला महाडजवळचे सव, आणखी वर तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, आणि त्याही पलीकडे पालघर जिल्ह्यातले सातिवली. सातिवलीपासून राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात दीड डझन ठिकाणी जमीन ऊन पाणी देते.

हे पाणी तापवते कोण? कुंडाच्या काठावर कुणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर मिळते. खाली ज्वालामुखी आहे, नाहीतर पाण्यात गंधक आहे. दोन्ही उत्तरे मीही वर्षानुवर्षे ऐकत आलो. खरे उत्तर या दोन्हींपेक्षा कितीतरी थोर आहे, आणि ते कुंडावर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

आधी ज्वालामुखी. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचाच, यात शंका नाही. पण तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याची मूळ उष्णता केव्हाच निघून गेली. आज कोकणाखाली धगधगता लाव्हा नाही. गंधकाचे म्हणाल तर काही झऱ्यांना त्याचा हलका वास येतो खरा, पण ऊन पाणी खडकातून जाताना ज्या अनेक गोष्टी विरघळवून आणते त्यांतली ती एक. पाणी तापल्यामुळे गंधक त्यात येतो. गंधकामुळे पाणी तापत नाही.

मग हे पाणी आहे तरी कसले? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कोकणातल्या या झऱ्यांचे पाणी तपासले आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड आणि हलके अणू कोणत्या प्रमाणात आहेत यावरून त्या पाण्याचे मूळ ओळखता येते. झऱ्यांचे प्रमाण जुळले ते पावसाशी. म्हणजे तुरळच्या कुंडात कढत होऊन येणारे पाणी हे कधीतरी याच मुलखात कोसळलेल्या पावसाचे आहे.

कधीतरी म्हणजे केव्हा? इथे एक विलक्षण साक्षीदार मदतीला येतो. १९५० आणि ६० च्या दशकांत हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे जगभरच्या पावसात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन मिसळला. साडेबारा वर्षांच्या आतच तो निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचा निम्मा. त्या चाचण्यांच्या काळात किंवा त्यानंतर पडलेल्या पावसात त्याची खूण राहते. तुरळ-राजवाडीच्या ऊन पाण्यात ती जवळजवळ नाहीच. म्हणजे हा पाऊस त्या स्फोटांच्याही आधी जमिनीत उतरला. आज आपण ज्या पाण्यात पाय सोडून बसतो ते खाली निघाले तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता.

हे पाणी किती खोल गेले, याचाही अंदाज बांधता येतो. तापलेल्या पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते. पाणी वर येताना निवते, पण विरघळलेली सिलिका लगेच सुटत नाही. तिचे प्रमाण मोजले की पाणी खाली किती तापले होते ते कळते. कोकणातल्या अनेक झऱ्यांसाठी हा आकडा शंभर अंशांच्या पुढे जातो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. आपल्याकडची जमीन वरच सत्तावीसच्या आसपास असते. हिशेब केला तर शंभर अंश गाठायला पाण्याला अडीच-तीन किलोमीटर खोल उतरावे लागते. कळसूबाई हा महाराष्ट्रातला सर्वात उंच डोंगर १६४६ मीटरचा. म्हणजे कळसूबाईच्या उंचीहून दीडपट खोली.

तिथे आहे काय? कोयना धरणाच्या परिसरात १९६७ च्या भूकंपानंतर इतके धक्के नोंदले गेले की त्यांचे कारण शोधायला शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल विवर खणले. सह्याद्रीचा माथा ओलांडला की चिपळूण-संगमेश्वर पलीकडेच. त्या विवरात सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपला आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला, अडीच अब्जांहून अधिक वर्षे जुना. ग्रॅनाइटात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे अणू काळ्या पाषाणापेक्षा जास्त असतात. ते एकेक करून फुटत राहतात आणि प्रत्येक फुटणारा अणू कणभर उष्णता देतो. पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे निम्मी अशी अणू फुटून येते. उरलेली पृथ्वी घडताना तिच्यात कोंडली गेलेली, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची.

आता ही उष्णता किती क्षीण आहे ते पाहा, म्हणजे झऱ्याची थोरवी कळेल. भर दुपारचे ऊन एक चौरस मीटर जमिनीवर हजार वॉटच्या आसपास पडते. खालून वर येणारी धग तेवढ्याच जमिनीतून वॉटच्या दहाव्या भागाइतकीही नसते. अनवाणी उभे राहिलो तरी ती पायाला कळणार नाही. एक चौरस मीटर जमिनीची सगळी धग, काहीही वाया न घालवता, एका लिटर पाण्याला दिली, तरी ते सत्तावीस अंशांवरून साठवर यायला जवळजवळ महिना लागेल. तुरळची वीस लिटरची बादली भरली की तुम्ही वीस चौरस मीटर जमिनीची महिनाभराची कमाई अंगावर ओतता. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा तो बरोबर आहे ना हे पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो.

एवढी क्षीण धग गोळा करायची तर दोनच गोष्टी हव्यात, भरपूर वेळ आणि भरपूर पसारा. पाण्याकडे दोन्ही आहेत. सह्याद्रीवर पडलेला पाऊस बारीक भेगांमधून इंच इंच खाली उतरतो, मैलोगणती खडकाच्या अंगाला लागून सावकाश तापत जातो. आणि मग वर येतो कसा? ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे चटकन कळेल. बंबाच्या नरसाळ्यात वरून गार पाणी ओतले की ते नळीतून तळाशी जाते आणि त्याच्या भाराने वरचे ऊन पाणी तोटीतून बाहेर पडते. डोंगरावरच्या भेगांत भरलेल्या गार पाण्याचा भार खाली असाच दाब देतो. शिवाय तापलेले पाणी हलके झालेले असते. ते वाट शोधते, आणि वाट सापडली की तिथून झपाट्याने वर येते, इतक्या झपाट्याने की निवायला वेळच मिळत नाही. उतरायला वर्षानुवर्षे लागली तरी वर येताना घाई करावी लागते. ती झाली नाही तर कुंडात येईल ते साधे झऱ्याचे पाणी.

ती वाट म्हणजे खोल, उभी भेग. कोकणाच्या नकाशावर हे सगळे झरे टिपके देऊन पाहा. ते विखुरलेले दिसत नाहीत, किनाऱ्याला आणि सह्याद्रीला समांतर अशा उत्तर-दक्षिण रांगेत येतात. कधीकाळी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारतापासून तुटून गेले, तेव्हा हा किनारा ताणला गेला, चिरला गेला. त्या चिरा अजून आहेत. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातले उनपदेव असेच नर्मदा-तापीच्या जुन्या भेगांच्या पट्ट्यात आहे. उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर, दोन्ही ठिकाणी एकच कथा सांगतात. व्याधिग्रस्त शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला, जमीन भेदली गेली आणि ऊन पाणी उसळले. कथा रचणाऱ्यांनी जमीन भेदली जाणे हेच कारण धरले, याचे मला फार कौतुक वाटते.

कुंडाशी गेलात तर पाण्यात उतरण्याआधी थोडा वेळ नुसते बसा आणि तळाकडे पाहा. दगडांच्या सांधीतून बुडबुड्यांची माळ वर येताना दिसते. थांबते, पुन्हा सुरू होते. पाणी उकळते आहे असा भास होतो, पण साठ अंशांना पाणी उकळत नाही. तो वायू आहे. त्यात बहुतांश नायट्रोजन, पावसाबरोबर विरघळून खाली गेलेल्या हवेतला. पण त्याच बुडबुड्यांत थोडा हीलियमही सापडतो. युरेनियम किंवा थोरियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अल्फा कण बाहेर पडतो, आणि त्या कणाने दोन इलेक्ट्रॉन पकडले की झाला हीलियमचा अणू. ज्या अणूंनी फुटून खडक तापवला त्यांचेच हे अवशेष. हीलियम पहिल्यांदा ओळखला गेला तो सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून, १८६८ साली. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाची सावली कोकण ओलांडूनच देशात शिरली होती. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ साल उजाडले, आणि विल्यम रॅमसे यांना तो सापडला तोही युरेनियमच्या खनिजात. तुरळच्या कुंडात तो आपल्या डोळ्यांदेखत वर येऊन हवेत निघून जातो.

आता पाणी वाहून जाते त्या नाळीकडे वळा. जिथे पाणी सर्वात कढत असते तिथे दगड उघडे असतात. थोडे पुढे, पाणी जरा निवले की त्यांवर हिरवट-निळसर थर दिसू लागतो, बोटाला बुळबुळीत लागणारा. तो घाण समजून खरवडू नका. ते सूक्ष्मजीव आहेत, आपल्याला भाजेल अशा पाण्यात सुखाने नांदणारे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या अशाच झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात थर्मस अॅक्वाटिकस नावाचा जिवाणू मिळाला. त्याचे एक विकर उकळत्याजवळच्या तापमानालाही टिकते, आणि त्याच्याच बळावर डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर पद्धत सोपी झाली. कोविडच्या काळात नाकात काडी घालून जी पीसीआर तपासणी झाली ती हीच.

परदेशी जाणारी मराठी मंडळी आता आइसलँडच्या ब्लू लगूनलाही आवर्जून जातात. जावेच, जागा सुंदर आहे. पण तो तलाव निसर्गाने केलेला नाही. शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून सोडलेले पाणी लाव्हाच्या खडकात साचून तो १९७६ मध्ये तयार झाला. शिवाय आइसलँड बसलेच आहे पृथ्वीची कवचे जिथे दुभंगतात त्या सीमेवर. तिथे ऊन पाणी असणारच. अशा कोणत्याही सीमेपासून दूर, निव्वळ भेगा आणि धीर यांच्या जोरावर साठ-सत्तर अंशांचे पाणी देणारे आपले झरे मला जास्त थोर वाटतात.

जाणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. आधी हाताने अंदाज घ्या, मुलांना एकटे काठावर सोडू नका. विसण घालून सोसेल तेवढ्याच ऊन पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरावे. कोमट साचलेल्या कुंडात डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. असे पाणी आवडणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर जिवावर बेततो. हे फार क्वचित घडते, पण टाळणे सोपे आहे. साबण, शाम्पू कुंडात नकोच.

आणि एक विनंती या गावांच्या ग्रामपंचायतींना. कुंडांची डागडुजी करताना झऱ्याच्या तोंडावर सिमेंट ओतू नका. वाट बुजली तर पाणी दुसरीकडे फुटेल किंवा खालीच राहील, आणि ती वाट माणसाला पुन्हा करून देता येत नाही. काठावर मराठीत एक फलक लावा. पाण्याचे आजचे तापमान, ते कुठून येते आणि उतरताना काय जपायचे, एवढेच त्यावर पुरे. सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना काठावर उभे राहून तो मोठ्याने वाचता आला पाहिजे.