डॉक्टर कांगा, पालवणकर बाळू आणि वेळेचा हिशेब

क्रिकेटपटू डॉक्टर झाला की त्याची गोष्ट बुद्धीची आणि जिद्दीची म्हणून सांगितली जाते. बुद्धी आणि जिद्द लागतेच, पण माझ्या मते ही गोष्ट मुळात वेळेची आहे. अभ्यासाला आणि खेळाला लागणारी वर्षं कुणाच्या वाट्याला आली आणि त्यांचा खर्च कुणी सोसला, हे विचारल्याशिवाय ती अर्धीच कळते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघात याचा पुरावा आहे. त्या संघात मुंबईचे पारशी फलंदाज डॉ. होरमसजी कांगा होते आणि आपल्या बेळगावशेजारच्या धारवाडात जन्मलेले डावखुरे गोलंदाज पालवणकर बाळूही होते. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या उन्हाळ्यात संघातल्या दुसऱ्या कुणालाही इतके बळी मिळाले नाहीत. पण ते क्रिकेटकडे आले ते पुण्यात पारशी क्लबाची खेळपट्टी झाडण्याच्या कामातून, महिना ३ रुपयांवर. मग पुण्यातल्याच युरोपियनांच्या क्लबात ४ रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची, फलंदाजीची पाळी मात्र यायची नाही. चर्मकार घरातले म्हणून हिंदू संघात घेतल्यावरही त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. अशा माणसाला वैद्यकीय शाळेची पायरी कुठून दिसणार? कांगांची गुणवत्ता याने तसूभरही कमी होत नाही. मुंबईची पावसाळी स्पर्धा १९४८पासून त्यांच्याच नावाने भरते, हा मान योग्यच आहे. पण दोघे एकाच संघात असूनही त्यांच्या मागची वर्षं सारखी नव्हती.

यावर म्हटलं जाईल, की तेव्हा क्रिकेट हौशी होतं, म्हणून दोन्ही जमायचं. आता ते पूर्णवेळ काम झालं आहे. हे अर्धंच खरं. हौशीपणाची किंमतही कुणीतरी मोजतच होतं. इंग्लंडचे क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस १८६८ साली ब्रिस्टलला वैद्यक शिकू लागले आणि १८७९ साली पात्र झाले. अकरा वर्षं! त्याच वर्षी लॉर्ड्‌सवर त्यांना १४५८ पौंडांचा जाहीर निधी देण्यात आला, आणि पुढे उन्हाळ्यात ते मैदानावर असताना दवाखाना सांभाळणाऱ्या बदली डॉक्टरचा खर्च ग्लॉस्टरशायर क्लबाने उचलला. पारशी गोलंदाज मेहेल्लाशा पावरींचंही उदाहरण घ्या. १८८८च्या पारशी संघाच्या इंग्लंड दौऱ्यात १७० बळी, १८९०मध्ये बॉम्बे जिमखान्यावर व्हर्ननच्या पाहुण्या इंग्लिश संघाविरुद्ध दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी, आणि पुढे डॉक्टर. त्यांच्या पाठीशीही परदेश दौरे उभे करू शकणारा समाज होता.

आजचं काय? बेळगावात वैद्यकीय शिक्षण दूर नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३पासून आहे, शासकीय महाविद्यालयही आहे, आणि ऑटोनगरात राज्य क्रिकेट संघटनेचं मैदान आहे. अंतर शहरातलं नाही, वेळापत्रकातलं आहे. एकोणीस वर्षांखालची कूचबिहार स्पर्धा हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या बारावीच्या वर्षात येते. त्यानंतर मे महिन्यात ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा. प्रवेश मिळालाच तर सिद्धांताच्या तासांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईच्या मुलाने चार दिवसांचे सामने खेळायचे ठरवले, तर क्लासची फी भरूनही एक वर्ष वाया जाण्याची भीती त्याच्यापुढे असते. पैसेवाल्या घराला ते वर्ष परवडतं, तिच्या घराला नाही.

गंभीर आक्षेप आणखी एक आहे: रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना खेळाडूला सवलत का द्यायची? हा आक्षेप मी हलका मानत नाही. परीक्षा सोपी करावी, गुण वाढवून द्यावेत, असं मी म्हणतच नाही. तसं करणं रुग्णांशी दगाबाजी ठरेल. मागणी फक्त कालावधीची आहे. राज्याकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तोच अभ्यासक्रम, तीच प्रात्यक्षिकं, तीच परीक्षा दोन-तीन वर्षं जास्त घेऊन पुरी करता यावी, आणि वाढलेल्या वर्षांची फी व वसतिगृहाचा खर्च शिष्यवृत्तीतून निघावा. अकरा वर्षं लावून झालेल्या ग्रेसना डॉक्टर म्हणायला कुणी कचरलं नव्हतं. निपाणीच्या मुलाने आठ लावली, तर त्याला विद्यार्थी म्हणूनच हजेरीपटावर ठेवायला हवं.