बोरिवलीला उतरा, दहिसरपर्यंत चाला

दिनक्रम सुधारण्यावरची बहुतेक पुस्तके हाताशी वेळ असलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. पहाटे पाचला उठा, ध्यान करा, रोजनिशी लिहा, मग व्यायाम. दहिसरहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या बाईला हे वाचून हसूच येईल. पाचला ती उठलेलीच असते, आणि ध्यान सगळे कुकरच्या शिट्ट्यांकडे.

दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतले पश्चिम रेल्वेवरचे शेवटचे स्टेशन, चर्चगेटपासून सुमारे 36 किलोमीटर. बोरिवलीकरांना हक्काची गाडी आहे, ती तिथूनच सुटते. दहिसरकरांना विरार-भाईंदरहून भरून आलेल्या गाडीत घुसावे लागते. म्हणून काहीजण आधी उलटे भाईंदरला जातात आणि जागा पकडून ‘रिटर्न’ येतात. ऑफिस गाठायला आधी ऑफिसकडे पाठ फिरवायची. अशा दिवसात नवीन काही कोंबायला फट नाही. तेव्हा आहे त्याच दिवसात डोके कुठे मोकळे होते, एवढेच शोधायचे उरते.

लोकलमधल्या माणसांनी ते आपापल्या परीने कधीच शोधले आहे. भजनी मंडळींची गाडी ठरलेली, डबा ठरलेला. पिशवीतून टाळ निघतात, आणि पखवाज नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. शेजारी झोपू पाहणारा वैतागतो, त्याचेही चूक नाही. लेडीज डब्यात मेथीची जुडी सुटते: मांडीवर वर्तमानपत्र, पाने पिशवीत, देठ कागदावर, तोंडाने नणंदेच्या लग्नाची हकिकत. उतरेपर्यंत संध्याकाळच्या भाजीची तयारी झालेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला ही कामाची घाई वाटते. पण हात गुंतले की मनाला भटकायला सवड मिळते, हे भाजी निवडणाऱ्या कुणालाही विचारावे. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ सरकवताना नेमकी हीच सवड हरवते.

मनाला भटकू देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र पायांतून जातो, आणि त्याचा दाखला दहिसरच्या पाठीमागच्या डोंगरातच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे हजार वर्षे तिथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. ध्यान म्हटले की डोळ्यांपुढे मांडी घालून बसलेली मूर्ती येते, पण भिक्षूंच्या दिनक्रमात ठरावीक वाटेवर सावकाश येरझारा घालणेही होते. अंगुत्तर निकायात चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, हे चार कोणतीही आजी सांगेल. पाचवा वेगळा आहे: चालताना साधलेली एकाग्रता पुढे बराच वेळ टिकते.

ही शेवटची गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या 2014 सालच्या प्रयोगांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. लोकांना एखादी साधी वस्तू सांगायची, समजा बटण, आणि तिचे नेहमीपेक्षा वेगळे उपयोग सुचवायला लावायचे. बसून विचार करण्यापेक्षा चालताना नव्या कल्पना सरासरी 60 टक्के अधिक सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही हा फायदा झाला, म्हणजे श्रेय निसर्गशोभेचे नव्हते. आणि चालून येऊन बसल्यावरही तो काही काळ टिकला. मात्र ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असते, तिथे चालणारे किंचित मागेच पडले. मार्चअखेरचा ताळेबंद जुळत नसेल तर खुर्ची सोडू नये; मुलीच्या नाटुकल्याचा शेवट सुचत नसेल तर चपला घालाव्यात.

चालायचे कुठे? उद्यानात पहाटफेरीला येणाऱ्यांची गर्दी जुनीच आहे, आणि 2022 पासून मेट्रो 7 वर दहिसर पूर्वनंतर ओवरीपाडा, मग राष्ट्रीय उद्यान, असे दुसरेच स्टेशन आहे. दहिसर नदीही याच उद्यानात, तुळशी तलावाकडून, निघते. तिथे ती खरोखर नदी दिसते. खाली वस्तीत उतरली की तबेल्यांचे शेण आणि सांडपाणी घेऊन दोन भिंतींमधून वाहते. काठाने फिरा, असे दहिसरकरांना सांगायचे तर आधी नदी परत मिळायला हवी.

दिवस रोज बदलता येत नसेल तर आठवड्यातली एक दुपार तरी राखावी. कवी अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात नावाजलेले चित्रकार होते. दर गुरुवारी दुपारी ते काळा घोड्याच्या वेसाइड इन या उपाहारगृहात मित्रांसोबत बसत, खिडकीतून समोरचा चौक दिसे. झाडूवाल्या बाया, भटकी कुत्री, फुटपाथवरच इडली खाणारी माणसे हे सगळे ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आले, संग्रह 2004 मध्ये निघाला. वर्षानुवर्षे तीच जागा, तोच वार. नवेपणासाठी दरवेळी नवी जागा लागते, हा पर्यटन कंपन्यांचा प्रचार असावा.

आता नोकरदारांसाठी एक सूचना, खास दहिसरची. संध्याकाळी विरार गाडीत लोंबकळण्यापेक्षा बोरिवली लोकल पकडावी. ती तिथेच संपते, त्यामुळे उतरताना दारातल्या विरारकरांशी झटापट नाही. मग रिक्षाच्या रांगेत न शिरता पूर्वेकडून, दौलतनगरच्या बाजूने, चालत निघावे. रेल्वेच्या मापाने हे अंतर अडीच किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे अर्ध्या तासाची चाल. फोन पिशवीत. ऑफिसातले भांडण पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा एकदा भांडून होते, तेव्हा कुठे दुसरे काही सुचायला लागते. ज्यांना घरी पोचताच पोळ्यांना उभे राहावे लागते, त्यांच्याकडे हा अर्धा तासही नसतो हे खरे. तिथे पोळ्या कुणी लाटायच्या हे आधी घरात ठरावे. दिनक्रमाचे निम्मे प्रश्न असे ओट्यापाशीच सुटतात.

सवय किती दिवसांत लागते? 21 दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाली, आणि तफावत 18 पासून 254 दिवसांपर्यंत. पण एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडले नाही, असेही त्यांना दिसले. तेव्हा जुलैत ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळत असेल, दौलतनगरात गुडघाभर पाणी असेल, तर खुशाल रिक्षा करावी. मिळाली तर.